गुणिले एक्क्याण्णव

आमच्या घरात तीन पिढ्यांना ९१ चा पाढा तोंडपाठ आहे. एक्क्याण्णव दुणे १८२, त्रिक २७३, चोक ३६४. शाळेत तिसाच्या पुढे आमच्यापैकी कुणी गेलं नव्हतं. पुढचा अभ्यास लेकीनं करून घेतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती एका सेमिस्टरसाठी जर्मनीत लाइपझिगला गेली, आणि त्या सुमारास एक युरो साधारण ९१ रुपयांना पडत होता.

रात्री साडेनऊला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. मोबाइल तांब्याला टेकवलेला, समोर आम्ही चौघं दाटीवाटीनं. "आज मैत्रिणींबरोबर कॉफी प्यायले," ती म्हणायची.

"कितीची?"

"तीनची."

क्षणभर शांतता. मग आरतीनंतरच्या गजरासारखं चारी तोंडांतून एकदम, "दोनशे त्र्याहत्तर!"

पुढचं काही ती सांगू शकायची नाही. कॉफी पिताना कुणाची ओळख झाली, कुठल्या भाषेत बोलणं झालं, हे सगळं त्या दोनशे त्र्याहत्तरांखाली चिरडून जायचं.

आमचं घर रायपूरच्या तात्यापाऱ्यात. भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस या मुलखात आहे, चौबे कॉलनीतलं आमचं महाराष्ट्र मंडळ १९३५ सालचं आहे, तरी पुण्याची मामी आजही विचारते, "तिकडे मराठी बोलता येतं का रे तुम्हाला?" मी म्हणतो, "बोलून राहिलो ना." ती हसते. सांगायचं कारण एवढंच, की परदेशी असण्याचा अनुभव आम्हाला पुण्याला जाऊन पुष्कळ आहे. जर्मनीला जायचा नव्हता.

पहिला विरोध आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आबा रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण अजून बाथरूममध्ये जाताना वेळ सांगून जातात. "इथं एनआयटी आहे, नवीन रायपूरला आयआयएम आहे, मग सहा महिन्यांसाठी इतक्या लांब कशाला?" हा त्यांचा मुद्दा. माझ्या बायकोनं इरावती कर्व्यांचा दाखला काढला. १९२८ साली त्या बर्लिनला शिकायला गेल्या, आणि बायकांच्या शिक्षणासाठी जन्म वेचलेल्या धोंडो केशव कर्व्यांचासुद्धा सुनेच्या त्या जाण्याला विरोध होता. नवरा ठाम राहिला, पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ मिळाले, आणि बाई गेल्या. आबांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "महर्षींचाही विरोध होता? म्हणजे मी बरोबर पंक्तीत बसलोय." मग दुसऱ्या दिवशी स्वतःच जर्मनीचा नकाशा मागवला. आम्हाला जीवराज मेहता काही भेटले नाहीत. भविष्य निर्वाह निधी भेटला.

पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. जर्मन सरकारला हे माहीत असावं. व्हिसा मागणाऱ्या विद्यार्थ्यानं आधी तिकडच्या खात्यात पैसे भरायचे, खातं बंद करायचं, आणि मग त्याचेच पैसे त्याला दर महिन्याला हप्त्यानं मिळायचे. माझ्या आईला हे समजावून सांगायला मी अर्धा तास घेतला. ती म्हणाली, "म्हणजे मामंजींची तिजोरी." अगदी तेच. तिच्या सासऱ्यांनी तिचेच माहेरचे पैसे तिला अशाच हप्त्यानं दिले होते.

त्या वेळी महिन्याला ९३४ युरो दाखवावे लागत. सहा महिन्यांचे ५,६०४. आम्ही ऑगस्टमध्ये अर्ज केला, आणि १ सप्टेंबरपासून तीच रक्कम ९९२ झाली. घरात दिवाळी! महिन्याला ५८ युरो, सहा महिन्यांचे ३४८, गुणिले एक्क्याण्णव, एकतीस हजार सहाशे अडुसष्ट रुपये वाचले! बायकोनं शिरा केला. शिरा खाऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की पैसे आपलेच, खातं आपलंच, वाचलं काहीच नाही. उलट शिऱ्याचं तूप गेलं. मी कुणाला बोललो नाही. आनंद सहसा येत नाही आमच्याकडे, आला तर बसू द्यावा.

बचतीचा दुसरा पराक्रम विमानाच्या तिकिटात झाला. रायपूरच्या विमानतळाला स्वामी विवेकानंदांचं नाव आहे. १८७७ साली लहानपणी ते रायपूरला आले तेव्हा इथवर रेल्वे नव्हती, वाटेतला मोठा टप्पा बैलगाडीचा होता. आजही इथून परदेशी जायचं तर आधी दिल्ली-मुंबईसारखं शहर गाठावं लागतं. मुंबईहून उडालं तर चार हजार वाचत होते. शिवाय मुंबईपर्यंत रेल्वे, म्हणजे आबांच्या अखत्यारीतला प्रवास. मग पोरगी एकटी कशी जाणार म्हणून मी, मी जातोय म्हणून बायको, दोघं जाताहेत तर नातीला निरोप द्यायला आई, आणि गार्डाशिवाय गाडी सुटत नाही म्हणून आबा. चौघांचं जाणं-येणं, दादरला दोन दिवस लॉज, आणि "आलोच आहोत तर" म्हणून महालक्ष्मी. ते चार हजार वाचवायला नक्की किती लागले हे वहीत आहे. वही आबांकडे आहे.

पण त्याआधी सामान. स्वस्त तिकिटावर २३ किलो. वजन कसं करायचं? घरात माणसं तोलायचा काटा आहे. बॅग घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग बॅगेविना, आणि वजाबाकी. गणित सोपं आहे, पण वजाबाकीसाठी दुसरा आकडा मोठ्यानं सांगावा लागतो, आणि तो सांगायला घरातली एकही बाई तयार होईना. मीही गुडघ्याचं कारण सांगितलं. शेवटी आबा उभे राहिले, त्यांचं वजन पंचावन्न वर्षांत बदललेलं नाही. पहिल्या फेरीत बॅग एकतीस भरली.

बॅगेत काय होतं? नगरीचा दुबराज तांदूळ पाच किलो. "तिकडे भात मिळतो गं," असं नात म्हणाली, तर आईनं तिच्याकडे असं पाहिलं, की भाताला भात म्हणणाऱ्या पिढीची तिला कीव आली असावी. रखिया बडी, तिळाची बिजौरी, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला. लोणकढं तूप दोन किलो. पेढे. आणि बायकोनं गुपचूप ठेवलेला पोळपाट.

मी नियम वाचायला बसलो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूधदुभत्याचे पदार्थ नेता येत नाहीत, मांस नेता येत नाही. तूप गेलं, पेढे गेले. फळं-भाज्यांना सरकारी दाखला हवा, त्यामुळे कढीपत्ताही गेला. आईचा चेहरा पडत चालला. तेवढ्यात पुढची ओळ दिसली. दाखल्याशिवाय चालतील अशी पाच फळं त्यांनी ठरवली आहेत: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ.

"नारळ चालतो?" आईनं दोनदा विचारलं. "वाच परत."

मी परत वाचलं. तिनं हात जोडले. सत्तावीस देशांनी एकत्र बसून तिच्या नातीच्या ओटीची सोय केली होती. निघताना ओटी भरली गेली, आणि सहाशे ग्रॅमचा तो नारळ, ज्याच्यापायी पोळपाट बाहेर पडला, बॅगेत कपड्यांच्या मधोमध बसून लाइपझिगला गेला.

तिच्या पहिल्या महिन्याच्या बातम्यांत जेवण सोडून काही नव्हतं. विद्यापीठाच्या मेन्सात, म्हणजे तिथल्या खाणावळीत, तीनेक युरोत दुपारचं भागायचं. रात्री काय? तर जर्मन लोक रात्री चूल पेटवतच नाहीत म्हणाली. पाव कापायचा, वर चीज, काकडीच्या फोडी, झालं जेवण. त्याला आबेंटब्रोट म्हणतात, संध्याकाळचा पाव. आबांना ते नाव फार आवडलं; आपल्यावरूनच ठेवलंय असं ते बरेच दिवस मानत होते.

आई मात्र हळहळली. "रात्रीचं थंडगार जेवायचं? एवढी मोटारी करणारी माणसं!"

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई भांडी घासता घासता ऐकत होत्या. त्या वळून म्हणाल्या, "नोनी बासी खाथे, अउ का." म्हणजे, पोरगी बासी खाते, दुसरं काय. आणि विषय मिटला. उरलेला भात रात्री पाण्यात घालायचा, सकाळी कांदा-मिरचीबरोबर खायचा, ही बोरे बासी साऱ्या छत्तीसगढची. २०२२ साली १ मे रोजी राज्य सरकारनं सगळ्यांना बासी खायचं आवाहन केलं, तेव्हा एरवी टोस्ट खाणाऱ्या साहेबलोकांनी कांद्यासकट फोटो काढून घेतले. त्यांना काय, एक दिवस. बाईंनी जर्मनीला एका वाक्यात छत्तीसगढच्या रांगेत बसवलं, आणि आईची काळजी मिटली. बासी म्हटल्यावर पोट बिघडायचं नाही हे तिला माहीत होतं.

आता प्रवास. त्या प्रवासाचं सगळं श्रेय किंवा खापर एका तिकिटाला. विद्यापीठाच्या फीमध्येच तिला सहा महिन्यांचं रेल्वेचं तिकीट मिळालं होतं, १७६ युरो ४० सेंट. त्यावर जर्मनीभर हिंडा. अट एकच: वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांत बसायचं नाही, सगळं स्थानिक गाड्यांनी. आबांनी ते एका दमात समजून घेतलं. "एक्स्प्रेसला मनाई, पॅसेंजरला मुभा. भाटापारा लोकल." त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर जर्मनीचा नकाशा आला आणि वरणाचे डाग पडत पडत तो बव्हेरियापर्यंत पिवळा झाला.

लाइपझिगचं स्टेशन १९१५ मध्ये पुरं झालं, क्षेत्रफळानं युरोपातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. आबांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी आरपार जाते का?" जात नाही, वरच्या फलाटांवर रूळ संपतात. "म्हणजे व्हीटी," ते म्हणाले, आणि लाइपझिग त्यांच्या ओळखीचं झालं. त्या गावात बाख सत्तावीस वर्षं चर्चचा संगीतप्रमुख होता, गटे तिथं शिकला, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी विचारलं, "पाणी कुठं भरतात गाडीत?"

वेगवान गाडीनं तीन-सव्वातीन तासांत होणारं म्युनिक कन्येनं पॅसेंजरनं अख्ख्या दिवसात गाठलं. वाटेत हॉफ नावाच्या स्टेशनवर गाडी बदलायची होती, मध्ये चार मिनिटं. हिला तेवढ्यात भूक लागली. ब्रेत्सेल नावाचा मिठाचा वेढा विकत घेऊन ती फलाटावर आली तेव्हा गाडीचे मागचे दिवे दिसत होते. पुढची यायला बराच अवकाश होता, बाहेर उणे तीन. ती रडकुंडीला येऊन फोन करते तर आबा इकडून ओरडताहेत, "कनेक्शन चार मिनिटांचं असताना माणूस खायला जातो? मी छत्तीस वर्षांत गाडी सोडून समोसा खाल्ला नाही!" आई मागून, "कितीचा होता गं तो वेढा?"

जानेवारीत आबांना कुठूनसं कळलं, की २०२४ मध्ये जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या. जर्मन माणूस घड्याळावर चालतो, हे वाक्य आयुष्यभर साहेबांच्या तोंडून ऐकलेल्या माणसाला हा आकडा म्हणजे उशिरा मिळालेली थकबाकी होती. तो त्यांनी कॉलनीत प्रत्येकाला सांगितला. त्यातही बारकावा असा, की तिथं सहा मिनिटं उशीर झाला की गाडी उशिरा धरतात. "सहा मिनिटं!" आबा. "सहा मिनिटांत गार्डाचा चहा थंड होत नाही."

युरोपात फुकट काय आणि विकत काय याचा पोरीनं असा अभ्यास केला, की तेवढा जर्मन व्याकरणाचा केला असता तर बरं झालं असतं. बर्लिनच्या संसदेचा काचेचा घुमट फुकट, फक्त आधी नाव नोंदवायचं. बर्लिनची संग्रहालयं महिन्यातल्या पहिल्या रविवारी फुकट. तिथं ती १ डिसेंबरला पोचली आणि तो त्या योजनेचा शेवटचा रविवार निघाला, कारण बर्लिन शहराच्याच तिजोरीत खडखडाट होता. बायकोला हे ऐकून जर्मनीबद्दल प्रथमच आपलेपणा वाटला. पॅरिसला ती रात्रीच्या बसनं गेली. रात्रीची बस का? एका रात्रीचं लॉज वाचतं. हे तत्त्व तिला कुठल्या विद्यापीठानं शिकवलं नाही. रायपूरहून पुण्याला आझाद हिंदनं जाताना आम्ही ते तिला बाळपणीच पाजलं आहे.

पॅरिसमध्ये मात्र राहणं भागच होतं. फोनवर आवाज एकदम बारीक झाला. "हॉस्टेल आहे. एका खोलीत बारा जण. मुलं-मुली एकत्र."

तांब्यासमोर शांतता. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे, आई आबांकडे. आबांनी चष्मा पुसला. "बेड एकावर एक आहेत?"

"हो."

"म्हणजे स्लीपर कोच. त्यात काय? अप्पर बर्थ घे, चपला उशाशी ठेव, आणि बॅगेला साखळी लाव."

अशा रीतीनं एक सांस्कृतिक पेच रेल्वेच्या नियमावलीनं सुटला. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, की युरोपात राहणाऱ्या २६ वर्षांखालच्यांना लूव्र फुकट असतं, व्हिसा दाखवून तीही आत गेली आणि मोनालिसा पाहून आली. आम्ही खूश. मग ओघात म्हणाली, की येताना जर्मनीतल्या एका स्टेशनवर स्वच्छतागृहाला एक युरो पडला.

"मोनालिसा फुकट आणि तिथं एक्क्याण्णव?" आईनं कपाळावर हात मारला. आबांचा हिशेब तोवर झाला होता, की दिवसातून इतक्या वेळा, सहा महिने, तर किती. त्यांनी आकडा सांगितला आणि म्हणाले, "पाणी कमी पी."

पण खरी खळबळ उडवली ती बाटल्यांनी. जर्मनीत पाण्याची, सरबताची प्लास्टिकची बाटली घेतली की वर २५ सेंट अनामत लागते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात घातली की पैशांची पावती बाहेर येते. बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८ सेंट. पार्टीनंतर श्रीमंत घरची पोरं बाटल्या तशाच टाकून जातात, आणि आमची लेक पोतं भरते. तिनं हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. "काल प्लास्टिकच्या चौदा मिळाल्या!"

मी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडत होतो. आईचा आवाज आला, "चौदा पावके साडेतीन."

आम्ही तिच्याकडे पाहत राहिलो. आईनं लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, सगळ्या पाठ केल्या होत्या. साठ वर्षं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. रुपया दशमानात गेला, पाव आणे गेले, आणि आता लाइपझिगच्या एका यंत्रानं त्यांना पुन्हा कामावर घेतलं. त्यानंतर रोज फोन आला की ती आधी विचारायची, "आज किती बाटल्या?" आणि अठ्ठावीस म्हटलं की डोळे मिटून "सात". कॉफीचा गजर आता कुणी करीना. साडेतीन युरो आले, तीनची कॉफी गेली, अर्धा उरला, असं आई परस्पर वळतं करून टाकायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात मात्र गोची झाली. कुणीतरी विचारलं, "नात काय करते हो जर्मनीत?" बायकोनं डोळ्यांनी खुणावलं, पण आई बोलून बसली होती, "बाटल्या गोळा करते." वाटीतला तिळगूळ तसाच राहिला. बायकोनं सावरून घेतलं, "पर्यावरणाचा प्रकल्प आहे. प्लास्टिकचा."

"अगं बाई! पैसे मिळतात?"

"बाटलीमागे," आई म्हणाली.

मार्चमध्ये ती परत आली. तेवीस किलोची बॅग अठरा भरली, कारण दुबराज संपला होता. खात्यात १४० युरो शिल्लक. वजन चार किलो कमी. हे आईनं काट्याशिवाय ओळखलं.

"नारळ कुणी फोडला?" तिनं पहिलं हेच विचारलं.

नारळ फोडलाच नव्हता. हॉस्टेलात फोडायला जागा नव्हती, कोयता नव्हता, आणि जमिनीवर आपटला तर खालच्या मजल्यावरचा तक्रार करील अशी भीती. मग तो सामाईक स्वयंपाकघराच्या दाराला अडसर म्हणून ठेवला. एके दिवशी इमारतीच्या देखभालवाल्यानं त्यावर चिठ्ठी चिकटवली: आग लागली तर हे दार बंद झालं पाहिजे, सबब नारळ हटवावा. पोरांनी तो खिडकीत ठेवला. येताना तिनं तो तसाच एका ब्राझीलच्या मुलीला देऊन टाकला, तिला त्याचं काय करायचं ते माहीत होतं.

"ओटीतला दिला?" आई थोडी गप्प झाली. मग म्हणाली, "लग्न झालंय का तिचं?"

पोरगी आता रायपुरात उलटा हिशेब करते. रिक्षावाल्यानं दोनशे मागितले तर "दोन युरो वीस" असं पुटपुटून देऊन टाकते. तेलीबांध्याच्या तळ्याकाठी, ज्याला आम्ही हौसेनं मरीन ड्राइव्ह म्हणतो, तिनं मैत्रिणींना चहा पाजला, सहा कप, आणि घरी येऊन म्हणाली, "सगळे मिळून कॉफीच्या चौथ्या हिश्शातसुद्धा नाहीत." बायकोला हे खर्चिक वळण पसंत नाही.

एक सवय मात्र तशीच आहे. बाटली टाकवत नाही तिला. मुंबईहून येताना गाडीत घेतलेली पाण्याची बाटली रिकामी झाल्यावरही तिनं घरापर्यंत आणली, मग दुसरी, मग शेजाऱ्यांच्या. ओट्याखाली रांग लागली. परवा गल्लीत कबाडीवाल्याची हाळी आली आणि आई लगबगीनं पिशवी घेऊन दारात गेली.

"अट्ठाईस हैं," तिनं सांगितलं. मग डोळे मिटून, "सात होते हैं।"

कबाडीवाल्यानं पिशवी काट्याला लावली, काटा हलायची वाट पाहिली, आणि आईकडे पाहून म्हणाला, "अम्मा, इनका तो वजन ही नहीं आ रहा।"